दोन खाऱ्या पाण्यांमधली जागा: बाबांबरोबर कनेमारात चार दिवस

शुक्रवार, पहिला दिवस

बाबांना आयर्लंडला येऊन तीन आठवडे झाले होते आणि डब्लिन बघून संपलं होतं. खरं म्हणजे शहरात त्यांना रस नव्हताच. एकतीस वर्षं तलाठी म्हणून काढली त्यांनी, देवगड आणि कणकवली तालुक्यात, त्यामुळे कुठेही गेले की प्रश्न ठरलेले: ही जमीन कोणाची, हद्द कुठपर्यंत आणि जागेला नाव काय. एकदा जेवताना मी त्यांना सांगितलं की इथे गावाच्याही खाली जमिनीचा एक भाग असतो, त्याला टाउनलँड म्हणतात, आयरिशमध्ये बाल्ये फ्यारिन, आणि अख्ख्या बेटावर असे साठ हजारांच्या वर टाउनलँड आहेत, प्रत्येकाला स्वतःचं नाव आणि स्वतःची हद्द. बाबांचा घास हातातच राहिला. म्हणाले, "साठ हजार नावं? सगळी नकाशावर?" म्हटलं हो, सगळी. मग ते जेवण होईपर्यंत काही बोलले नाहीत आणि हात धुऊन आल्यावर म्हणाले, मला एक तरी नीट दाखव.

टाउनलँड म्हटलं की आपल्याला टाउन ऐकू येतं, पण टाउनचा इथे काही संबंध नाही. काही टाउनलँडवर चाळीस घरं असतात, काहींवर एकही नाही, नुसती मेंढरं आणि दलदल. सरासरी काढली तर सव्वातीनशे एकर भरतात, पण फरक केवढा बघा: गॉलवे काउंटीतलं फिनॉन नावाचं टाउनलँड सात हजार एकरांचं आहे आणि टिरोनमधलं एक जुनी दफनभूमी असलेलं टाउनलँड एक एकरसुद्धा भरत नाही. आपल्याकडच्या वाडीशी तुलना करायचा मोह होतो, पण वाडी घरांवरून ओळखली जाते आणि टाउनलँड हद्दीवरून, म्हणून मला शिवार हा शब्द जास्त जवळचा वाटतो.

कुठलं दाखवायचं हे ठरवायला वेळ लागला नाही. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, कनेमारात, एक टाउनलँड आहे, त्याचं इंग्रजी स्पेलिंग २२ अक्षरांचं, मधे एकही जागा न सोडता सलग लिहिलेलं, मकनाघएडरडाउहॉलिया. आयर्लंडमधल्या सर्वात लांब नावांमध्ये त्याची गणना होते आणि लोक त्याला एक गंमत म्हणूनच ओळखतात, पबमधल्या क्विझमध्ये वगैरे विचारतात. मला मात्र ते नाव फोडून बघितल्यापासून तिथे जायचंच होतं.

सकाळी निघताना पहिला थांबा डब्लिनमध्येच, फिनिक्स पार्कमधलं माउंटजॉय हाउस. आयर्लंडच्या नकाशांचं ऑफिस इथे १८२४ पासूनच्या सर्व्हेच्या काळात आलं, आता २०२३ पासून जमीन नोंदणी आणि व्हॅल्युएशन खात्याबरोबर एकत्र करून त्याचं नाव टाल्चे एरन झालंय. आम्ही आत गेलो नाही, बाहेरूनच बघितलं, पण बाबांना गाडीत बसल्या बसल्या मी सगळी गोष्ट सांगितली. १८२४ मध्ये थॉमस कोल्बी नावाच्या लष्करी अधिकाऱ्याच्या हाताखाली इंग्रज सरकारने अख्ख्या आयर्लंडची मोजणी काढली, एका मैलाला सहा इंच या मापाचे नकाशे, आणि कारण काय तर कर. जमिनीवरचा स्थानिक कर टाउनलँडवार बसायचा आणि कोणाची हद्द कुठे याचा पत्ता नव्हता. मग हद्दी ठरवायचं काम रिचर्ड ग्रिफिथकडे गेलं, प्रत्येक ठिकाणी तिथलाच एक जाणता माणूस हद्द चालून दाखवायचा, त्याला मिअर्समन म्हणत. बाबा लगेच म्हणाले, आपल्याकडे शिवेचा वाद आला की महार वतनदाराची साक्ष शेवटची धरायचे, शिवेची खडानखडा माहिती त्यालाच असायची. पुढे त्याच ग्रिफिथने १८४७ ते १८६४ मध्ये देशभरातल्या प्रत्येक कब्जेदाराचं नाव, जमीन आणि तिची किंमत छापून काढली. "म्हणजे आकारबंदच की," बाबा म्हणाले, आणि मला जे समजवायला दहा वाक्यं लागणार होती ते एका शब्दात झालं.

अजून एक सांगायचं राहिलं. कोल्बीने मोजणीच्या पायारेषेसाठी, म्हणजे जिच्यावरून पुढची सगळी अंतरं काढतात त्या पहिल्या रेषेसाठी, लोखंड आणि पितळेच्या जोडपट्ट्या बनवल्या होत्या, दहा फुटी, ऊन थंडीने एक धातू जितका वाढतो तितकं दुसऱ्याने सांभाळून घ्यायचं, म्हणजे लांबी तीच राहते. १८२९ मध्ये आपला, म्हणजे ज्याच्या नावाने शिखर आहे तो जॉर्ज एव्हरेस्ट आयर्लंडला येऊन ही पद्धत बघून गेला आणि तशाच पट्ट्या भारतात घेऊन आला. कलकत्ता, डेहराडून, बीदर इथल्या पायारेषा त्यांनीच मोजल्यात. बाबांनी आयुष्यभर जी मोजणी वापरली तिचा एक धागा इथून गेलाय हे ऐकून ते खिडकीतून मागे वळून त्या इमारतीकडे बघत राहिले.

मग हायवे. डब्लिन ते गॉलवे अडीच तास, मधे अथलोनला शॅनन नदी लागते, तिथे थांबून घरून नेलेल्या चपात्या आणि लसणीची चटणी खाल्ली. गॉलवे शहरात न थांबता समुद्राच्या कडेने पश्चिमेला निघालो, बार्ना, स्पिडल, इंद्रावान. इथून पुढे गेलटाख्ट, म्हणजे जिथे आयरिश ही रोजच्या बोलण्याची भाषा आहे तो भाग. डाव्या हाताला गॉलवेचा उपसागर, पलीकडे क्लेअरचे करडे डोंगर, आणि रस्त्यावरच्या पाट्यांमधून इंग्रजी नावं गायब. हे मुद्दाम केलेलं आहे, २००५ पासून गेलटाख्टमधल्या पाट्यांवर आणि सरकारी नकाशावर आयरिश नावच कायदेशीर. त्यामुळे स्पिडलच्या पाटीवर अन स्पिजेल, आणि त्याचा अर्थ हॉस्पिटल हे नाव मोठ्याने म्हटलं की आपोआप कळतं.

मुक्काम कॅरारोजवळ एका आजोबांकडे होता, घराच्या दोन खोल्या ते पाहुण्यांना देतात. दारातच त्यांनी बाबांना विचारलं, "क्ये आस हू?" मग इंग्रजीत सांगितलं, कुठला तू. बाबा मला म्हणाले, ह्येका म्हणतत माणूस, आपल्याकडे पण पहिला हाच विचारतत, तू खंयचो. आणि मग आजोबांना सांगितलं, इंडिया. आजोबांनी मान हलवली, म्हणाले, ते ठीक, पण इंडियात कुठे? तेवढ्यात चहा आला आणि तो विषय राहिला.

शनिवार, दुसरा दिवस

सकाळी साडेनऊला निघालो. कासला, मग उत्तरेला कामस. कामस म्हणजे वळण, पाण्याने घेतलेलं वाक. इथून एक छोटा रस्ता पकडायचा होता आणि इथेच आमची फजिती झाली, कारण मी फोनमध्ये ते २२ अक्षरी इंग्रजी नाव टाकलं होतं आणि फोनने आम्हाला भलत्याच पाणंदीत नेऊन सोडलं, जिथे रस्ता एका फाटकाशी संपत होता. नेटवर्कही गेलं. गाडी वळवायला जागा नाही, दोन्ही बाजूंना गडगे, मधे गवताची पट्टी. पाऊण तास गेला. रिव्हर्समध्ये गाडी काढताना एकदा आरसा दगडाला घासला आणि मी फार चिडले होते.

बाबा मात्र उतरून गडगा बघत उभे. "अगो बाय, ह्यो गडगो बघ, आपल्यासारखोच रचलेलो असा." आणि खरंच तसंच, चुना नाही, सिमेंट नाही, दगडावर दगड. फरक एवढाच की आपला जांभा आणि हा ग्रॅनाइट, आणि इथे दगडांमध्ये फटी ठेवल्यात, पलीकडचं आभाळ दिसतं त्यातून. अटलांटिकचा वारा त्यातून निघून जातो आणि गडगा उभा राहतो. बाबांनी तळहात लावून एका फटीतून येणारा वारा बघितला. गडग्याच्या वर पिवळ्या काटेरी फुलांची झुडपं, गॉर्स म्हणतात, मे महिन्यात सगळा कनेमारा त्याने पिवळा असतो, आणि त्या फुलांना वास कसला तर ओल्या खोबऱ्याचा. अगदी नुकताच नारळ फोडून खवायला घेतल्यासारखा. बाबांनी दोन फुलं चुरगळून नाकाशी धरली, मग मला दिली, आणि माझा राग तिथेच उतरला.

या गल्लीला इथे बोरीन म्हणतात, बोहर म्हणजे रस्ता, बोरीन म्हणजे छोटा रस्ता, आणि दोन्हीच्या पोटात बो आहे म्हणजे गाय. गुरं जायची ती वाट. आपल्या संस्कृतमधला गो आणि यांचा बो एकाच मुळातले शब्द आहेत. भाषाशास्त्रातली ही गोष्ट मी कधीतरी वाचली होती, पण शेणाचा वास येणाऱ्या पाणंदीत उभं राहून ती सांगताना वेगळंच वाटलं.

शेवटी पाटी वाचूनच रस्ता सापडला, फोन बंद करून. मुइकनाख इदिर घा हॉल्ये. पाटीवर चार शब्द सुटे सुटे लिहिलेले. इंग्रजी नकाशावर जे २२ अक्षरांचं गाठोडं आहे ते म्हणजे हेच चार शब्द एकमेकांना चिकटवलेले. १८३० च्या दशकात जॉन ओडोनोव्हन नावाचा आयरिशचा विद्वान सर्व्हेच्या नोकरीत होता, देशभर फिरून, लोकांना विचारून, जुनी कागदपत्रं बघून प्रत्येक टाउनलँडचं मूळ नाव काय ते नोंदवायचा. त्याच्या वह्यांमध्ये मूळ आयरिश रूप राहिलंय हे त्याचे उपकार. पण नकाशावर छापायला इंग्रज वाचकाला उच्चारता येईल असं रूप हवं होतं, मग सगळ्या बेटाची नावं कानावरून इंग्रजी अक्षरांत उतरवली गेली. अर्थ मागे राहिला, आवाज तेवढा आला, आणि तोही अर्धा. आपल्याला हे नवीन नाही. खडकीचं किर्की झालं तेव्हा त्यातला खडक गेला. मुंबईची शीव, जी खरोखरची हद्द होती, तिचं सायन झालं आणि आज तिथे राहणाऱ्या कितीजणांना त्या नावात शीव ऐकू येते?

आता नाव फोडून सांगते कारण मला ते सांगायचंच आहे. मुक म्हणजे डुक्कर, मुइकनाखचे दोन अर्थ सांगतात, डुकरांची जागा किंवा डुकराच्या पाठीसारखा उंचवटा. इदिर म्हणजे मध्ये. घा म्हणजे दोन, हा घ आपला नाही, घशात मागे घासून येणारा ग. आणि हॉल्ये म्हणजे खारं पाणी, खाडी. मूळ शब्द सॉल्ये, पण आधी दोन आला म्हणून पुढच्या स चा ह झाला. आपण शब्दाचं शेपूट बदलतो, घोडा होता तो घोड्याला होतो, हे लोक तोंड बदलतात. मला आयरिश शिकताना हे समजलं तेव्हा फार हायसं वाटलं होतं, कारण व्याकरणाने शब्द बदलणं ही आपल्याला लहानपणापासून सवयीची गोष्ट. आणि तो इदिर, तो तर आपल्या अंतरचा सख्खा भाऊ आहे. लॅटिनमधला इंटर, संस्कृतमधला अंतर आणि हा इदिर, सगळे एकाच घरचे. बाबांना हे सांगितलं तर ते एक क्षण थांबले आणि म्हणाले, "अंतर्वेद." गंगा यमुनेमधल्या दुआबाला पेशवाईतल्या पत्रांमध्ये अंतर्वेद म्हणतात ना, तेच. दोन पाण्यांच्या मधली जमीन. मी या नावाचा इतके दिवस विचार करत होते आणि मला अंतर्वेद सुचलं नव्हतं.

तर दोन खाऱ्या पाण्यांमधली डुकराची पाठ. गाडी लावली, उतरलो, आणि पाणी नव्हतं.

म्हणजे ओहोटी होती. अमावास्या जवळ आलेली, त्यामुळे ओहोटी लांबपर्यंत गेलेली, इकडे उधाणाला भरती ओहोटीत साडेचार मीटरच्या आसपास फरक पडतो. बघावं तिकडे चिखल, खडक, आणि खडकांवर पिवळट तपकिरी शेवाळाचे जाड झुबके. मधे मधे पाण्याच्या चिंचोळ्या पट्ट्या. पाठ दिसत होती, ग्रॅनाइटचा बुटका लांबट उंचवटा, वर खुरटं गवत आणि काळपट दलदल. बाबा कमरेवर हात ठेवून म्हणाले, "पाणी खंय असा गो?"

मग आम्ही उंचवट्याच्या कडेने चालायला लागलो. ही जमीन बघून एक कळतं की इथे माणसाने माती स्वतः केली आहे. खाली ग्रॅनाइट, चाळीसेक कोटी वर्षांचा, त्यावरून बर्फाच्या नद्या घासत गेल्या आणि माती अशी शिल्लकच ठेवली नाही, जे आहे ते पीट, म्हणजे कुजून दबलेलं शेवाळ आणि गवत. ते कापून वाळवून जाळतात. बटाटे लावायचे तर लोक समुद्रातून शेवाळ आणि वाळू पाठीवर आणून खडकावर टाकायचे, वरंबे करायचे, आणि त्या वरंब्यांत बटाटे. उतारावर ते वरंबे अजून दिसतात, हिरव्या गवताखाली सरळ रेषा, कंगवा फिरवल्यासारख्या. बाबांना सरी-वरंबा लगेच ओळखू आला, त्यांनी पावलं टाकून एका वरंब्याची रुंदी मोजली, चार फूट भरली. १८४५ ला बटाट्यावर रोग आला आणि पुढच्या काही वर्षांत देशात दहा लाखांच्या आसपास माणसं गेली, तितकीच देश सोडून गेली. हा किनारा तेव्हा फार दाट वस्तीचा होता. काही उतार असे आहेत की त्यावर आज कोणी बटाटा तर सोडाच, पायसुद्धा ठेवणार नाही, तिथपर्यंत वरंबे गेलेत. बाबा त्या वरच्या वरंब्यांकडे बघून हळूच म्हणाले, हेची नोंद खंय नसतली.

खाली किनाऱ्यावर एक माणूस विळ्याने शेवाळ कापत होता. मी विचारलं, त्याने सांगितलं, कापून दोरीने बांधून मोठा गोल गठ्ठा करायचा, भरतीला तो तरंगतो, मग होडीने ओढून न्यायचा. या तरंगत्या गठ्ठ्याला क्लिमीन म्हणतात. हे शेवाळ पुढे किल्कीरनच्या कारखान्यात जातं, वाळवून त्याचं खत आणि पशुखाद्य होतं. कापायचा हक्क सगळ्यांनाच नसतो बरं का, ज्याच्या जमिनीला किनारा लागतो त्या जमिनीबरोबर हा हक्क येतो, काही जमिनींच्या फोलिओवर, म्हणजे जमीन नोंदणीच्या उताऱ्यावर, तशी नोंदच असते, तसंच पीट कापण्याच्या हक्काचं. बाबांनी मला बाहीला धरून थांबवलं. "इतर हक्क. सातबाऱ्यावरचा इतर हक्काचा रकाना. ह्यांका सांग." मी त्या माणसाला सातबारा काय असतो ते सांगायचा प्रयत्न केला, एका कागदावर जमीन, धनी, पीक आणि इतर हक्क. त्याने विळा खाली ठेवला आणि नीट ऐकलं. मग बाबांना विचारलं, तुमच्याकडे समुद्राचं शेवाळ येतं का त्यात? बाबा म्हणाले नाही, पण विहिरीचं पाणी येतं, वाट येते, आंब्याचं झाड येतं. त्याला आंब्याचं झाड फार आवडलं.

दुपारी गाडीत बसून डबा खाल्ला. पाऊस आला, गेला, पुन्हा आला. साडेचारच्या सुमारास परत उंचवट्यावर चढलो आणि तेवढ्या वेळात सगळं बदललेलं. चिखल नाही, खडक नाही. एका बाजूला पाणी, राखाडी, भरलेलं, गडग्याच्या पायाला टेकलेलं. वळून बघितलं तर दुसऱ्या बाजूलाही पाणी. सकाळी ज्या खडकांवर तो माणूस उभा होता ते खडक खाली गेले होते आणि वर त्याचे दोन क्लिमीन तरंगत होते. आम्ही मधे, एका बुटक्या लांबट पाठीवर. दोन्हीकडून वाऱ्याबरोबर तोच खारट वास. बाबांनी दोन्ही हात पसरले, डावा या पाण्याकडे, उजवा त्या पाण्याकडे, आणि तसेच उभे राहिले.

"नाव खरा असा, बाय," ते म्हणाले.

कोणीतरी, कधीतरी, इथेच भरतीच्या वेळी उभं राहून हे नाव ठेवलं असणार. ओहोटीला हे नाव सुचलंच नसतं. नकाशावर तुम्ही कितीही झूम केलं तरी भरती दिसत नाही, आणि २२ अक्षरांच्या त्या सलग शब्दात तर दोन पाणी आहेत हेही दिसत नाही. आम्ही सहा वाजेपर्यंत बसलो. थंडी वाजत होती पण उठावंसं वाटेना.

रविवार, तिसरा दिवस

आज रॉस मुक, खाडीच्या पलीकडचं. रॉस म्हणजे समुद्रात घुसलेली जमीन आणि मुक तेच आपलं डुक्कर. स्क्रीबवरून वळसा घालून जावं लागतं, पाण्यावरून सरळ गेलो तर जवळ पण रस्त्याने लांब, अगदी आपल्या खाड्यांसारखं, समोरचं गाव हाकेच्या अंतरावर आणि तिथे पोचायला तास.

रॉस मुकला पॅट्रिक पिअर्सची झोपडी आहे, गवताने शाकारलेली, पांढरी, तळ्याकाठी. इंग्रजांविरुद्धच्या १९१६ च्या उठावाचा हा नेता, ३ मे १९१६ ला त्याला गोळ्या घातल्या. तो डब्लिनचा, पण १९०३ मध्ये आयरिश शिक्षकांची परीक्षा घ्यायला इकडे आला आणि या जागेच्या प्रेमातच पडला, मग घर बांधलं, उन्हाळ्यात विद्यार्थ्यांना घेऊन यायचा. १९२१ मध्ये इंग्रजांच्या फौजेने ते जाळलं, नंतर परत उभं केलं. शेजारी २०१६ मध्ये मोठं केंद्र झालंय, छान आहे, गर्दी होती, त्यावर जास्त लिहीत नाही.

मला त्याची एक वेगळीच गोष्ट सांगायची आहे. पिअर्स वकील होता, आणि वकील म्हणून त्याची लक्षात राहिलेली केस १९०५ ची. डोनेगलमधल्या एका माणसाने आपल्या घोडागाडीवर नियमाप्रमाणे नाव लिहिलं, पण आयरिशमध्ये. दंड झाला, कारण नाव वाचता येण्यासारखं नाही. पिअर्सने त्याची बाजू मांडली आणि तो हरला, कोर्टाने दंड कायम ठेवला. त्याच देशात शंभर वर्षांनी कायदा झाला की इथल्या पाटीवर आयरिशच नाव राहील. बाबा त्या झोपडीच्या दाराशी दगडावर बसून हे ऐकत होते. त्यांच्या नोकरीच्या सुरुवातीला जुने मोडीतले कागद वाचणारा एक कारकून ऑफिसात होता, तो रिटायर झाल्यावर ते दप्तर कोणालाच वाचता येईना, त्याची आठवण त्यांनी काढली. बराच वेळ त्याच्याबद्दल बोलत होते.

संध्याकाळी कॅरारोच्या कोरल बीचवर गेलो. नाव कोरल पण ते कोरल नाही, समुद्रातलं एक लाल शेवाळ आपल्या अंगात चुना साठवतं, ते मेल्यावर त्याचे पांढरे तुकडे किनाऱ्यावर येतात. मूठभर हातात घेतले तर शिजवायच्या आधीच्या शेवयांचा चुरा वाटतो, खडबडीत आणि हलका. बाबांनी चालताना चपला काढल्या आणि लगेच घातल्या, टोचतं.

रात्री जेवणानंतर आजोबांबरोबर शेगडीपाशी बसलो. मुइकनाखचं नाव काढलं तर त्यांनी ते पूर्ण म्हटलंच नाही, नुसतं मुइकनाख म्हणाले, जसं आपण वाडीचं नाव अर्धंच घेतो. मग आमच्या आग्रहासाठी पूर्ण म्हणून दाखवलं. लांब वाटलंच नाही ते. चार शब्द, एक श्वास, शेवटचा हॉल्ये थोडा खाली सोडलेला. लहानपणी टपालावर पत्ता काय असायचा विचारलं, तर म्हणाले, नाव आणि टाउनलँड, बास. घरनंबर नाही, रस्त्याला नाव नाही, पोस्टमनला सगळं पाठ. एकाच नावाची तीन माणसं एका टाउनलँडवर असली तर बापाचं आणि आज्याचं नाव जोडायचं. २०१५ मध्ये प्रत्येक पत्त्याला सात अक्षरी कोड आला, डॉक्टरला आणि अँब्युलन्सला घर पटकन सापडतं, त्याचं त्यांना बरं वाटतं. पण पत्र लिहिताना अजून ते टाउनलँडचं नाव आधी लिहितात.

सोमवार, चौथा दिवस

सकाळी निघायचं होतं. मी सामान गाडीत ठेवत होते आणि बाबा अंगणात आजोबांशी बोलत होते, दोघांचं इंग्रजी आपापल्या वळणाचं, पण चाललं होतं. बाबांनी आपली डायरी उघडून दाखवली. तिच्यात त्यांनी मुइकनाखची चतुःसीमा लिहिली होती, दस्तात लिहितात तशी. डुकराची पाठ नावाची मिळकत. एका बाजूस खारं पाणी. दुसऱ्या बाजूस खारं पाणी. इतर हक्क, शेवाळ कापणे. मी आजोबांना ओळ ओळ अर्थ सांगितला. त्यांनी बोट ठेवून देवनागरी अक्षरं बघितली आणि ते वरच्या आडव्या रेघेवरून बोट फिरवत राहिले.

मग त्यांनी शुक्रवारचा राहिलेला प्रश्न परत काढला. इंडिया झालं, पण कुठे?

बाबा म्हणाले, मधलीवाडी.

आजोबांनी ते तीनदा म्हणून बघितलं, ध काही जमेना, तिसऱ्यांदा बरंच जवळ आलं. त्याचा अर्थ काय, त्यांनी विचारलं. मी एवढी वर्षं त्या वाडीचं नाव घेतेय, पत्त्यावर लिहितेय, आणि अर्थाचा विचार मी कधी केलाच नव्हता. बाबांना सांगायला वेळ लागला नाही. मधली, म्हणजे दोन व्हाळांच्या मधली, एक व्हाळ देवळाकडून येतो आणि एक काजीच्या मळ्याकडून, पावसात दोन्ही भरले की शाळा बंद. मी इंग्रजीत सांगितलं, दोन ओहोळांच्या मधली.

आजोबा हसले. "इदिर घा ह्रुहान," ते म्हणाले.

बाबांनी पेन काढलं आणि ते त्यांच्याकडून पुन्हा म्हणवून घेतलं, हळू, आणि डायरीत मधलीवाडीच्या खाली लिहून घेतलं.